गप्प राहिलेला दगड

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता मनातल्या मनात कारणं लिहीत जाते — झोप झाली नसेल, शुगर उतरली असेल, खिडकी सैल असेल. सवयच लागली आहे. मी एएनएम आहे, खेड्यात जिला ‘शिस्टर’ म्हणतात ती. अंगात आलं म्हणून एखाद्या बाईला उपकेंद्रात आणलं, तर मी आधी तिचं बीपी घेते, मग हिमोग्लोबिन. बहुतेक वेळा तिथंच उत्तर सापडतं. त्यामुळे असलं काही लिहायला मीच बसेन असं वाटलं नव्हतं... पण गेलं वर्षभर एक गोष्ट मनात अडकून बसली आहे.

माझं माहेर ब्राह्मणपुरीचं, सासर शहाद्याचं. नोकरी धडगावकडच्या डोंगरात. शहाद्याहून म्हसावद, पुढे घाट, आणि घाट चढल्यावर मुख्य रस्ता सोडून सात-आठ किलोमीटर आत आमचं उपकेंद्र. पाड्याचं नाव देत नाही, कारण जिच्याबद्दल लिहितेय ती बाई तिथेच राहते. तिचं नाव आणि बाकीच्यांचीही नावं बदलली आहेत. आठवडाभर मी वर असते आणि शनिवारी-रविवारी खाली घरी.

शहाद्याला आमच्या गल्लीच्या टोकाला झुबेदाआपा राहतात. उर्दू शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय सत्तरच्या पुढे, एकट्या. शुगरमुळे त्यांच्या टाचेची जखम भरत नव्हती. दर शनिवारी मी ड्रेसिंग करायला जायचे. घरात उर्दू-हिंदी बोलणाऱ्या आपा आम्हा शेजारणींशी मात्र चक्क अहिराणीत बोलतात. “तुन्हा हात हलका शे बेटा,” त्या म्हणायच्या, “पन तोंड लई गप शे. काहीतरी बोल, मंग दुखत नही.” मला बोलायला सुचायचं नाही. मग त्याच बोलायच्या.

त्यांच्या घराण्यात पूर्वी हकीम होते. त्यांच्याकडून आलेली तीन हस्तलिखितं लोखंडी कपाटात, मलमलच्या फडक्यात बांधलेली. दोन औषधांची आणि तिसरं रत्नांवरचं. तिन्ही अरबीत. कुठल्याशा ग्रंथालयाची माणसं त्यांचे फोटो काढायला येणार होती, आणि त्याआधी आत काय काय आहे ते आपांना लिहून ठेवायचं होतं. पण त्यांचा हात थरथरतो. म्हणून ड्रेसिंग झालं की मी हात धुवायचे, फुलस्केप वही घ्यायचे, आपा भिंगातून एकेक ओळ वाचून अर्थ सांगायच्या आणि मी मराठीत लिहायचे. रत्नांच्या पोथीला पाच-सहा महिने लागले.

त्या पोथीची पहिली पानं गेलेली आहेत, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही. काळी शाई, दगडाचं नाव मात्र लाल शाईत, आणि मधूनमधून कसरीनं पाडलेली भोकं. प्रत्येक दगडाचं एक प्रकरण — कुठे मिळतो, रंग कसा, खोटा कसा ओळखायचा, लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात, आणि शेवटी स्वतः करून पाहिल्यावर काय झालं. हे शेवटचं मला फार आवडायचं. पिरोजा घातला की राजा रागावत नाही असं म्हणतात, तो लिहितो, पण पिरोजा घातलेल्या दोघांना फटके पडताना मी स्वतः पाहिलं. हिरा बोकडाच्या रक्तात मऊ पडतो म्हणतात... मी आठवडाभर ठेवला. हिरा होता तसाच आहे, रक्त नासलं.

“हाऊ मानूस पक्का मास्तर शे,” आपा हसून म्हणायच्या. “देखाशिवाय मानत नही.” मला तर तो आमच्या खात्यातलाच कुणीतरी वाटायचा. नोंद ठेवणारा.

एका शनिवारी ‘हजर-उल-उकाब’ आला. म्हणजे गरुडाचा दगड. सुपारीपेक्षा मोठा, अंड्यापेक्षा लहान, वरून साधा. हलवला की आत दुसरा दगड असल्यासारखा वाजतो. बाळंतपण अवघड असेल तर बाईच्या मांडीला बांधतात, असं लिहिलं होतं. मी लिहायचं थांबवून म्हटलं, “आपा, असा दगड आमच्याकडे वर आहे.”

खरंच होता. आमची आशा कार्यकर्ती गीता, तिची सासू जातरीबाई, पावरा समाजातली जुनी दाई. आता बाळंतपणं उपकेंद्रातच होतात, पण जातरीबाई बरोबर येते, बाईच्या उशाशी बसते. कमरेच्या फडक्यातून करडा, गुळगुळीत दगड काढते, बाईच्या पोटाजवळ नेऊन हलवते, आतून खुळखुळ आवाज येतो, आणि मग दगड परत फडक्यात. मी कधी अडवलं नाही. बाईला धीर येतो, नुकसान काही नाही. मी स्वतः तीन-चारदा तो हातात घेऊन वाजवला होता. चिंचोका सुकलेल्या शेंगेत वाजावा तसा आवाज. एका बाजूला नखाएवढा टवका उडालेला. आमच्याकडच्या नाल्यात पोकळ गारगोट्या मिळतात, त्यातलीच ही एक, आत खडा सुटला असेल — असं मी माझ्यापुरतं कारण लिहून ठेवलं होतं.

आपांनी भिंग उचलून पानाच्या कडेला नेलं. तिथं समासात बारीक, तिरक्या अक्षरात फारसी लिहिलेलं होतं. “हाई पुस्तकमधलं नही. आमना घरनं शे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या पणजोबांच्या वडिलांचं अक्षर. ते जडीबुटीसाठी सातपुड्यात जायचे. आपांनी दोनदा वाचून मग सांगितलं, आणि मी लिहिलं ते असं —

‘असा एक मी डोंगरात एका म्हाताऱ्या दाईकडे पाहिला. दोन बायांच्या वेळी तो बोलला, दोन्ही सुखरूप. तिसरीच्या वेळी बोलला नाही. म्हातारी काही न सांगता उठली आणि बाहेर जाऊन बसली. मी बाईची नाडी पाहिली, उत्तम होती. संध्याकाळपर्यंत बाई आणि मूल दोन्ही गेले.’

मी वही मिटली, टाचेची पट्टी एकदा तपासली आणि घरी गेले. रात्री भाकरी करताना एकदा आठवलं असेल, बस.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. होळीच्या आधीचा आठवडा. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली होती, भोंगऱ्याचा, म्हणजे होळीआधीचा आदिवासींचा मोठा बाजार होता, सकाळपासून जीपगाड्या भरभरून चालल्या होत्या. दहाच्या सुमाराला गीता रमिलाला घेऊन आली. दुसरी खेप, दिवस भरलेले, कळा पहाटेपासून बारीक बारीक. बरोबर नवरा दिलवर आणि नेहमीप्रमाणे जातरीबाई.

मी सगळं तपासलं. बीपी ११०/७०. बाळाचे ठोके १४०, नियमित. पिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलेलं. पाणी गेलेलं नाही, अंगावर काही जात नाही, सूज नाही, लघवीत काही नाही. पहिलं बाळंतपण इथंच, माझ्याच हातचं, काही त्रास न होता. याहून सरळ केस मिळत नाही. मी गीताला पाणी तापवायला सांगितलं आणि रजिस्टर उघडलं.

जातरीबाईनं दगड काढला. पोटाजवळ नेऊन हलवला. मी लिहीत होते, त्यामुळे आवाज आला नाही हे लगेच लक्षात आलं नाही. तिनं परत हलवला. मग कानाशी नेला. मग दगड मुठीत धरून ती उठली, पदर सावरला आणि कुणाकडेही न बघता बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

माझा पेन थांबला.

मी बाहेर गेले. “काय झालं, बाई?” मी हात पुढे केला, तिनं दगड दिला. तोच दगड, टवका उडालेला. मी हलवला. जोरात हलवला. कानाशी धरून हलवला. काही नाही. नुसता दगड.

आता इथं मला जे वाटलं ते जसंच्या तसं लिहिते. घाबरले वगैरे नाही. मला राग आला. एक म्हातारी उठून बाहेर बसते आणि माझा पेन थांबतो, म्हणजे माझं एकोणीस वर्षांचं काम काय मग? मी आत जाऊन परत ठोके ऐकले. १३८. परत बीपी. तेच. ‘मी बाईची नाडी पाहिली, उत्तम होती’ हे वाक्य माझ्याच अक्षरात डोळ्यांसमोर येत होतं. ते वाचलं नसतं तर जातरीबाई बाहेर उन्हाला बसलीय एवढंच मला वाटलं असतं.

पाच मिनिटं मी तशीच उभी होते. मग दिलवरला म्हटलं, “हिला खाली न्यायचं. शहाद्याला.”

“का, शिस्टर? काय झालं?”

“बीपी वाढलंय.”

रमिला माझ्याकडे बघत होती. तिच्या दंडावरचा पट्टा मी नुकताच सोडला होता. तिनं आकडा पाहिला असेल-नसेल, वाचता येतं तिला. ती उठून चपला शोधायला लागली.

रेफर चिठ्ठीवर मी १५०/१०० लिहिलं. खोटा आकडा मी याआधी कधी लिहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला दोन तास. दिलवर रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि बाजाराला निघालेली एक जीप थांबवली. आत पंधरा-सोळा माणसं, नवीन कपडे, बायांच्या अंगावर चांदी. दिलवरनं दोन वाक्यं सांगितली आणि ती सगळी माणसं काही न विचारता खाली उतरली. एका बाईनं आपली घडी केलेली गोधडी सीटवर पसरून दिली. रमिलाचं डोकं गीताच्या मांडीवर, मी पायाशी, दिलवर मागे लटकलेला. जातरीबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती येऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसली.

घाटात मी दर दहा मिनिटांनी हात लावून बघत होते. सगळं ठीक. रमिला मध्ये एकदा म्हणाली, “शिस्टर, एवढं दुखत नाहीये. परत जाऊ.” मला वाटलं, जावं. म्हसावदला तर मी ड्रायव्हरला थांबायला सांगणारच होते... मग म्हटलं, आलोच आहोत.

शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी वाचली, स्वतः बीपी घेतलं, आणि माझ्याकडे वळल्या.

“सिस्टर, ११०/७० आहे. पाच सेंटिमीटरची बाई तुम्ही घाटातून जीपमध्ये घालून आणलीत. कशासाठी?”

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात रमिलानं टेबलाची कड धरली. “पोट... पोट कडक झालं,” ती म्हणाली. मॅडमनी हात ठेवला. मीही ठेवला. लाकडाच्या फळीसारखं. मग रक्त जायला लागलं. मॅडम ऑपरेशन थिएटरकडे धावल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — वार, म्हणजे जिच्यातून बाळाला रक्त मिळतं ती, आतल्या आत सुटायला लागली होती. हे आधी कळत नाही. कळतं तेव्हा हातात अर्धा तास असतो, कधी तेवढाही नसतो. आमच्या उपकेंद्रापासून ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यापर्यंत अडीच तास लागतात.

आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. दिलवर भिंतीला टेकून उभा, गीता रडत होती. माझ्या साडीला रक्त लागलं होतं आणि मी ते बोटानं घासत बसले होते. तेवढ्यात शेजारून आवाज आला. खुळखुळ.

जातरीबाई दगड हलवत होती. तिनं एकदाच हलवला, फडक्यात बांधला, कमरेला खोचला आणि गीताला काहीतरी म्हणाली. गीता डोळे पुसून म्हणाली, “चहा घेऊन ये म्हणतेय.”

गीता चहा घेऊन आली, आम्ही तो संपवला, आणि मग दार उघडलं. मुलगी. दोन किलो चारशे. रमिलाला दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं, पण ती वाचली. कागदावर जन्माची वेळ एक वाजून चाळीस मिनिटं आहे. दगड किती वाजता वाजला ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळ बघितलं नाही. एरवी मी प्रत्येक गोष्टीची वेळ टिपते, आणि नेमकी हीच टिपली नाही.

पुढच्या मासिक मीटिंगमध्ये वेळेवर रेफर केल्याबद्दल माझं कौतुक झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर मॅडमही होत्या. त्या टाळ्या वाजवत माझ्याकडे बघत होत्या, आणि मी खाली. त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? अरबी पोथीच्या समासात लिहिलं होतं म्हणून?

कारणं शोधायची मी सोडली नाहीत. जातरीबाईनं शेकडो बाळंतपणं केलीत. तिच्या डोळ्यांना असं काही दिसलं असेल जे माझ्या यंत्रांना दिसलं नाही, आणि तिचा हातच नकळत तसा हलला असेल, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण दगड मीही हलवला होता. आतला खडा अडकला असेल आणि जीपच्या हादऱ्यांनी सुटला असेल... हे त्यातल्या त्यात बरं कारण आहे. मी ते धरून ठेवलं होतं.

मग पावसाळ्यानंतर गीता जातरीबाईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शहाद्याला घेऊन आली. ऑपरेशन झाल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा दगड कमरेला होताच. मी विचारलं, “याचा फोटो काढू का, आतला?” ती हो म्हणाली. माझ्या ओळखीचा एक एक्स-रे टेक्निशियन आहे, त्याच्याकडे गेलो. त्यानं दगड हातात घेतला, वाजवून बघितला, हसला, आणि प्लेटवर ठेवला.

फिल्म आली तेव्हा तो हसत नव्हता. त्यानं दुसऱ्या बाजूनं परत एक काढली. दोन्ही मला दाखवल्या. पांढरा, एकसारखा, अंडाकृती गोळा. “सिस्टर, हा भरीव आहे,” तो म्हणाला. “आत पोकळी नाही. मोहरीएवढी असती तरी दिसली असती.” मग त्यानं तो प्लेटवरून उचलला आणि कानाशी हलवला. मला तीन फुटांवरून ऐकू आला.

तिथून आम्ही आपांकडे गेलो. त्यांना तो दगड बघायचाच होता. दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसल्या — एकीला पावरी येत नाही, दुसरीला उर्दू, मधे गीता आणि मी. आपांनी दगड वाजवला, ओल्या डोळ्यांनी परत दिला आणि पोथी काढून समासातला मजकूर वाचला. मी मराठीत सांगितला, गीतानं पावरीत. जातरीबाई मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर तिनं गीताला काहीतरी विचारलं.

“त्या बाईचं नाव काय होतं, विचारतेय. मेली तिचं. आणि दाईचं.”

आपांनी भिंग लावून परत पाहिलं. “नही लिखेल,” त्या म्हणाल्या.

जातरीबाई गीताकडे वळून काहीतरी म्हणाली. मग गीता म्हणाली, “ती म्हणते, लिहायला पाहिजे होतं.”

आपांनी मला वही आणायला लावली. रमिलाचं नाव, तिच्या मुलीचं, जातरीबाईचं, असं त्या पानाखाली लिहून घेतलं. यावेळी खरी नावं. मी लिहिलं, पण ‘काय झालं’ त्यासमोर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून फक्त नावंच आहेत.

मग मी एक्स-रेची फिल्म काढून जातरीबाईला दाखवली. खिडकीशी धरली आणि गीताला सांगायला लावलं, की हा आतून सगळा दगडच आहे. पोकळ नाही. आत दुसरा खडा नाही. जातरीबाईनं फिल्म हातात घेतली, एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती, दुसऱ्या डोळ्यानं बराच वेळ बघितली. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, आणि गीतानं सांगितलं —

“आत काही नाही, तर मग वाजतं काय?”

आपाही माझ्याकडेच बघत होत्या. जातरीबाई टोमणा मारत नव्हती. शिकलेली बाई आहे, मशीनमध्ये बघून आलीय, तर हिला माहीत असणार, असं तिला खरोखर वाटत होतं. मी म्हटलं, “विचारून सांगते.”

तेव्हापासून पाड्यावर भेटली की ती गीतामार्फत विचारते, आणि मी सांगते, अजून नाही. कुणाला विचारायचं हेच मला कळलेलं नाही.